एका अक्षराचा पक्ष

आम्ही आयुष्यभर नर्सिंग केले, राजकारण नव्हे. पंचेचाळीस वर्षे इंजेक्शने दिली, जखमा धुतल्या, रात्रपाळ्या केल्या, आणि दर निवडणुकीला एक चिठ्ठी पाकिटात घालून मतपेटीत टाकली. आमचे राजकारण तेवढेच. तेव्हा आमच्यासारखीने या पानांवर पक्षांविषयी लिहावे याचे कित्येक वाचकांना नवल वाटेल. पण पेसाहच्या साफसफाईत कपाटाच्या तळाशी एक जुनी चिठ्ठी हाती आली आणि तिने आम्हांला दोन दिवस स्वस्थ बसू दिले नाही. चिठ्ठी पांढरी, पत्त्याच्या पानाहून लहान. तिच्यावर तीन काळी ठसठशीत हिब्रू अक्षरे : आलेफ, मेम, ताव. साल १९७७. त्या वर्षी आम्ही पहिल्यांदा मत दिले. मतदानकेंद्राबाहेर कार्यकर्ते अशा चिठ्ठ्या वाटीत असत. एक पेटीत गेली, एक पर्समध्ये राहून गेली.

ठाण्या-मुंबईला बसून हे वाचणाऱ्यांसाठी सांगतो, इस्रायलात मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसतो. पडद्याआड एका खोक्यात सगळ्या पक्षांच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे असतात, प्रत्येकावर त्या त्या पक्षाची अक्षरे. आपली चिठ्ठी उचलायची, पाकिटात घालायची, पेटीत टाकायची. चित्र नाही की खूण नाही. आमची आई पहिल्या वेळी बाहेर येऊन म्हणाली, "बैलजोडी नाही, गायवासरू नाही, झोपडी नाही. नुसती अक्षरं! ज्याला वाचता येत नाही त्यानं काय करायचं?" बाबा म्हणाले, "त्यानं सत्य तेवढं ओळखायला शिकायचं." कारण ती तीन अक्षरे जोडली की 'एमेत' होते, आणि एमेत म्हणजे सत्य.

हे सत्य कुणा एकाचे नव्हते. आलेफ हे मापायचे अक्षर, म्हणजे देश उभा केला त्या मोठ्या पक्षाचे. ताव अहदुत हाअवोदा या पक्षाचे. १९६५ साली या दोघांनी मिळून निवडणूक लढवली तेव्हा चिठ्ठीवर आलेफ आणि ताव एवढेच होते. १९६८ साली हे दोघे आणि राफी असे तिघे एक होऊन मजूर पक्ष झाला. मग जानेवारी १९६९ मध्ये मापाम त्यांना येऊन मिळाला आणि दोन अक्षरांच्या मधे त्याचा मेम बसला. या जुळणीला माआराख म्हणत. बाकीचे तिघे एकमेकांत विरघळले. मापामने मात्र आपली सभासदयादी, आपली कचेरी, आपले वर्तमानपत्र वेगळे ठेवले. एकत्र लढायचे पण एक व्हायचे नाही, असा तो करार. आम्हांला लिहायचे आहे ते या मधल्या अक्षराविषयी.

आम्ही १९७५ साली अठराव्या वर्षी आलो. माझगावच्या सर एली कदूरी शाळेतून एस.एस.सी. झालो होतो आणि नंतरचे एक वर्ष टंकलेखनाच्या क्लासात वाया घालवले होते. दादा चार वर्षे आधी येऊन बीरशेबाला स्थिरावला होता. आई-बाबा त्याच्याकडे उतरले आणि आम्हांला मात्र भाषा शिकायला नेगेवच्या उत्तरेकडील एका किब्बुत्सवर पाठवण्यात आले : अर्धा दिवस उलपान, अर्धा दिवस काम. किब्बुत्स हाशोमेर हात्साईर चळवळीचा होता, म्हणजे मापामच्या घरचाच. जेवणघराच्या दाराशी 'अल हामिश्मार' या पक्षाच्या दैनिकाचा गठ्ठा पडलेला असे. सकाळी काकडी चिरता चिरता लोक ते वाचीत आणि त्यावरून कडाकडा भांडत. आम्हांला वाटे, आता मारामारी होणार. पण थोड्या वेळाने तेच दोघे एकाच ट्रॅक्टरवर बसून शेताकडे जाताना दिसत.

आमचे काम धोबीघरात होते. तिथली मुख्य पोलंडहून आलेली साठीची बाई. हात सदा सोड्याने सोललेले. चादरींच्या घड्या घालताना ती आम्हांला वर्तमानपत्राचे मथळे वाचायला लावी, आणि त्यामुळे आमचे पहिले हिब्रू शब्द 'मीठ' किंवा 'बस' असे न होता 'ठराव', 'केंद्रीय समिती' आणि 'फूट' असे झाले. एकदा आम्ही तिला विचारले की एवढ्या मोठ्या माआराखमध्ये गेल्याने तुमचा फायदाच झाला असेल. तिने हातातली चादर खाली ठेवली. म्हणाली, "पूर्वी आमच्या आठ जागा होत्या, पण आठही आमच्या. आता एकावन्न आहेत. त्यांतली आमची कुठली ते तू मला दाखव."

उलपानचा तरुण शिक्षक तिच्यावर हसे. तो म्हणे, म्हातारीला १९४९ साल आठवते. खरेच, पहिल्या केनेसेतमध्ये मापामच्या १९ जागा होत्या, मापायच्या खालोखाल दुसरा क्रमांक. मग उतरण लागली. सोविएत रशियावर या मंडळींची भाबडी श्रद्धा; १९५२ साली प्रागच्या खटल्यात त्यांचाच मोर्देखाय ओरेन तुरुंगात पडला तेव्हा ती श्रद्धा तडकली. १९५४ साली अहदुत हाअवोदावाले फुटून निघाले. त्यानंतरच्या निवडणुकांत नऊ, नऊ, नऊ आणि १९६५ साली आठ. पोथी हळूहळू बाजूला पडली, आणि युरोपातले लोकशाही समाजवादी जसे असतात तसा हा पक्ष होत गेला : युनियन, दवाखाना, शाळा, अरबांशी तडजोड. बाहेर राहून आठाचे सहा आणि सहाचे तीन होण्यापेक्षा मोठ्या घरात राहावे, हा शिक्षकाचा हिशेब. म्हातारीचा हिशेब वेगळा. आम्ही दोघांचेही ऐकून मान डोलावीत असू, कारण आमचे व्याकरण अजून 'हो' आणि 'नाही' याच्या पलीकडे गेले नव्हते.

मोठ्या घरात धाकट्या जावेला काय मिळते ते बायकांना सांगायला नको. किल्ल्या मिळत नाहीत, चूल मिळते. संरक्षण, परराष्ट्र, अर्थ ही खाती मजूर पक्षाकडे, आणि मापामकडे पुन्हा पुन्हा आरोग्य. माआराखच्या आधीही सरकारात त्यांचे इस्रायल बार्झिलाय आरोग्यमंत्री होते. १९७० ते १९७७ बल्गेरियात जन्मलेले व्हिक्टर शेम-तोव. मोठ्यांना नको असलेले खाते, असे लोक म्हणत. पण आम्ही १९७६ साली बीरशेबाला नर्सिंगच्या शाळेत गेलो तेव्हा आमच्या लेखी आरोग्य हेच सरकार होते. आणि एक गोष्ट या चुलीवरच शिजली, ती कुणी फारशी सांगत नाही. १९७१ साली मापामचे अब्देल अझीझ झुअबी आरोग्य खात्याचे उपमंत्री झाले. इस्रायलच्या सरकारात बसलेले ते पहिले अरब. आमच्या वर्गात बीरशेबाच्या आसपासच्या बेदुईन तांड्यांतले रुग्ण कसे हाताळायचे हे शिकवीत तेव्हा हे नाव निघे. धाकट्या पक्षाने एक खुर्ची सरकवून दिली होती. मोठ्याला ते तोवर सुचले नव्हते.

बाबांना हे सगळे ओळखीचे वाटे. बाबा मुंबईच्या गोदीत कारकून आणि मनाने प्रजा समाजवादी. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीत हाच प्रकार होता : प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, सगळे एका मांडवाखाली. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे. एस. एम. जोशी त्या मांडवाच्या पुढाऱ्यांत, म्हणून बाबाही त्यांच्या मागे. आमच्या मूळ गावी, अलिबागकडे, शेतकरी कामगार पक्षाचा जोर. तिथल्या काकांशी बाबा एरवी वाद घालीत, त्या वर्षी दोघे एकाच सभेला गेले असे आई सांगे. बाबा म्हणत, "समितीला एकच काम होतं. मुंबई महाराष्ट्राला हवी. ती साठ साली मिळाली आणि मांडव सुटला. ज्याची त्याची भांडी ज्याच्या त्याच्या घरी. या माआराखचं काम काय? सत्तेत राहणं. ते काम संपतच नाही, म्हणून भांडीही परत मिळत नाहीत."

दादाचे मत याहून फार वेगळे होते आणि ते ऐकून घेणे आम्हांला जड जाई. त्याला काम मिळाले होते ते अशाच एका किब्बुत्सच्या प्लास्टिकच्या कारखान्यात. पहाटे साडेपाचला बस गावातून पगारी माणसे भरून नेई : मोरोक्कोची, ट्युनिसची, आणि आमच्यासारखी चारदोन. यंत्रावर ही माणसे, आणि देखरेखीला किब्बुत्सचा सभासद. किब्बुत्सच्या तत्त्वात मजुरीची माणसे ठेवणे बसत नव्हते; त्यांच्या सभांतून यावर वाद होत, हे आम्ही धोबीघरात स्वतः ऐकले होते. पण वाद संध्याकाळी होत आणि बस सकाळी येई. शनिवारच्या जेवणाला वालाच्या बिरड्याचे पातेले मधे ठेवून दादा म्हणे, "बाय, तुझी म्हातारी भली असेल. पण तिच्या सभेत मला हात वर करता येत नाही, आणि निवडणूक आली की माझा हात तिला हवा. असला कसला कामगारांचा पक्ष?" त्या पक्षाच्या नावाचा अर्थच संयुक्त कामगार पक्ष. आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही बरेसे नाही.

१७ मे १९७७ ला आम्ही नर्सिंगच्या वसतिगृहातून घरी आलो आणि चौघेजण एकाच शाळेत मत द्यायला गेलो. आम्ही एमेतची चिठ्ठी टाकली ती मजूर पक्षासाठी नव्हे. आमच्या मनात तो मधला मेम होता, धोबीघरातली म्हातारी आणि शेम-तोव. पण पेटीला मन कळत नाही. चिठ्ठीवरच्या तीन अक्षरांपैकी आपण कुठल्या अक्षराला मत दिले हे कुठेही लिहिले जात नाही, आणि लहान पक्षाचे मोठ्या जुळणीत जाणे म्हणजे नेमके काय हे आम्हांला त्या पडद्याआड एकोणिसाव्या वर्षी कळले. रात्री टेलिव्हिजनवर आकडे आले. माआराख ५१ वरून ३२ वर. मेनाहेम बेगिन यांचा लिकुद ४३. दादाने खाली रस्त्यावर जाऊन शेजाऱ्यांबरोबर गाणी म्हटली. बाबांनी रेडिओ लावला, बंद केला, पुन्हा लावला. मजूर पक्षाच्या चुका होत्या : किप्पूरच्या युद्धाची, लाचलुचपतीची, आमच्यासारख्यांकडे वरून बघण्याची. त्या सगळ्यांचे माप मेमच्याही पदरात पडले. एका चुलीचा धूर सगळ्यांच्याच डोळ्यांत जातो.

१९८१ ची निवडणूक त्याहून कडू. लिकुद ४८, माआराख ४७. दादा आणि आम्ही दोन महिने बोलत नव्हतो. निरोप आई पोचवी. तेव्हा एकच प्रश्न होता, या बाजूचे की त्या बाजूचे, आणि अशा वेळी मधल्या अक्षराकडे कोण बघतो!

मग १९८४. लेबनॉनचे युद्ध दोन वर्षे चालू होते, महागाई वर्षाला चारशे टक्क्यांच्या वर गेली होती. पगार हातात पडला की दुपारपर्यंत त्याचे तेल-पीठ करून टाकायचे, ही तेव्हाची रीत. निवडणुकीत माआराख ४४, लिकुद ४१. कुणालाच राज्य करता येईना, म्हणून सप्टेंबरात दोघांनी मिळून सरकार केले : आधी शिमोन पेरेस, मग यित्झाक शमीर, अर्धी अर्धी पाळी. वाचकांपैकी कित्येकांना ते बरे वाटले असेल. खरे सांगायचे तर आम्हांलाही वाटले. वॉर्डात औषधे पुरी पडत नव्हती आणि कुणीतरी येऊन गाडा हाकावा एवढीच इच्छा होती. पण मापामने म्हटले, लिकुदबरोबर आम्ही सरकारात बसणार नाही. शेम-तोव तेव्हा पक्षाचे सरचिटणीस होते. पंधरा वर्षांच्या संसारानंतर सहा सभासद माआराख सोडून बाहेर पडले.

बाबा तेव्हा छातीच्या दुखण्याने अंथरुणाला होते. आम्ही त्यांचा रक्तदाब बघत होतो आणि बातमी लागली. आम्ही म्हटले, "आता कशाला बाहेर? आत राहून निदान काही करता आलं असतं." बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "पोरी, आत राहून कधी काही करता येतं, कधी नाही. ते नेमकं कधी, एवढंच तर राजकारण." थोड्या वेळाने डोळे उघडून म्हणाले, "पण गेले ते अक्षर तिथंच विसरून गेले बघ."

आणि तसेच झाले. मापाम गेला, त्याचा मेम मागे राहिला. मजूर पक्षाने पुढे कितीतरी निवडणुका एमेतच्याच चिठ्ठीवर लढवल्या; २०२२ सालीही खोक्यात तीच तीन अक्षरे होती. मधले अक्षर कुणाचे हे विचारले तर तिथल्या तरुण कार्यकर्त्याला सांगता आले नसते. आमच्यात एखादी मुलगी सासर सोडून जाते आणि तिने विणलेले तोरण दारावर लटकत राहते, तसे.

१९८८ साली मापाम एकटा लढला. तीन जागा. उलपानच्या शिक्षकाचा हिशेब बरोबर निघाला. धोबीघरातली म्हातारी तोवर गेली होती, नाहीतर ती म्हणाली असती की तीनही आमच्या.

आम्ही १९८८ ला त्यांना मत दिले की नाही, हे दादा अजून विचारतो. दिले. चिठ्ठी उचलताना दोनदा मागे वळून बघितले, जणू चोरी करतो आहोत.

१९९२ साली त्यांनी पुन्हा घर मांडले, पण या वेळी बरोबरीच्यांत. रात्स, मापाम आणि शिनुई अशा तीन लहान पक्षांनी मिळून मेरेत्स केला. मेरेत्स म्हणजे जोम, उत्साह. मेम मापामचा, रेश आणि त्सादी रात्सचे. शिनुईला अक्षर मिळाले नाही, पण खासदार मिळाले. शुलामित अलोनी पुढे. बारा जागा आल्या आणि त्या बारांशिवाय राबिन यांचे सरकार उभे राहत नव्हते. त्याआधीच्या पंधरा वर्षांत माआराखच्या पोटात राहून जे वजन आले नव्हते ते या एका रात्रीत आले. मापामचे याईर त्साबान स्थलांतरितांच्या खात्याचे मंत्री झाले. तेव्हा रशियातून माणसांचे लोंढे येत होते आणि आमच्या वॉर्डात निम्म्या नर्सेस रशियन बोलत.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. तेव्हा आजारपणाचा विमा माणसाला आपोआप मिळत नसे. सर्वांत मोठा आजारनिधी हिस्ताद्रूतचा, म्हणजे कामगार संघटनेचा; सभासद व्हा, वर्गणी भरा, मग दवाखाना. बहुतेकांना होता. ज्यांना नव्हता ते आकड्यात थोडे होते पण आमच्या पलंगावर नेमके तेच उशिरा येत. बाजारात टोपल्या लावून मुळे-कोथिंबीर विकणारा एक माणूस होता, मधुमेहाचा. आला तेव्हा पायाचा अंगठा काळा पडला होता. "इतके दिवस काय केलंत?" तो म्हणाला, "पुस्तक नव्हतं." पुस्तक म्हणजे सभासदत्वाचे पुस्तक. अंगठा गेला, मग दोन महिन्यांनी पाऊल गेले. पट्टी बदलताना तो आम्हांला कोथिंबिरीचा भाव सांगे.

सर्वांना विमा देणारा कायदा शेम-तोव यांच्याही काळात करायचा प्रयत्न झाला होता. तडीस गेला नाही. ज्या संघटनेच्या हाती आजारनिधी होता तिचाच जोर मजूर पक्षात होता, आणि धाकटी जाऊ चुलीपुढे कितीही राबली तरी किल्ल्यांच्या जुडग्याला हात लावू शकत नव्हती. कायदा झाला १९९४ साली. तो आणला मजूर पक्षाच्याच हाइम रामोन यांनी. त्यासाठी ते स्वतःच्या पक्षाशी भांडले, मंत्रिपद सोडले, आणि त्या वर्षी हिस्ताद्रूतच्या निवडणुकीत वेगळी यादी उभी करून जिंकले. त्यांच्या त्या यादीत मेरेत्स होता, आणि शासही! तेव्हा बाबा हवे होते, पण ते १९८९ सालीच गेले. १ जानेवारी १९९५ पासून कायदा अमलात आला : इस्रायलचा प्रत्येक रहिवासी विमेदार, चारांपैकी हवा तो आजारनिधी त्याने निवडावा, आणि म्हातारा आहे किंवा आजारी आहे म्हणून कुणी त्याला परतवू नये. त्या दिवशी आमची सकाळपाळी होती. काही वेगळे दिसले नाही. वेगळे दिसायला दोन-तीन वर्षे लागली : काळे अंगठे कमी झाले.

१९९७ साली मेरेत्समधले पक्ष विरघळून एकच पक्ष झाला आणि मापाम हे नाव संपले. 'अल हामिश्मार' त्याआधी १९९५ सालीच बंद पडले होते. मग मेरेत्सचीही उतरण : दहा, सहा, पाच, तीन, पुन्हा सहा. लहान पक्षाला उंबरठाही उंच होत गेला. आम्ही आलो तेव्हा एक टक्का मते मिळाली की केनेसेतचे दार उघडे. १९९२ ला दीड टक्का झाला. २०१४ च्या कायद्याने सव्वातीन. २०२० साली मेरेत्स पुन्हा मजूर पक्षाबरोबर एका यादीवर लढला, आणि गंमत पाहा, चिठ्ठी तीच, एमेत. छत्तीस वर्षांनी मेम परत स्वतःच्या जागी. सात जागा मिळाल्या आणि पुन्हा वेगळे झाले. २०२१ साली मेरेत्सचे नित्झान होरोवित्झ आरोग्यमंत्री झाले. त्याच वर्षाअखेर आम्ही निवृत्त झालो. शिकायला लागलो तेव्हा मंत्री शेम-तोव, एप्रन उतरवला तेव्हा होरोवित्झ. मधे सगळ्या रंगांचे मंत्री येऊन गेले, पण दोन्ही टोकांना धाकटी जाऊच होती.

आता ते लिहितो, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.

नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीआधी मेरेत्सने मजूर पक्षाला एकत्र लढण्याविषयी विचारले. मेरेत्सच्या पुढे झेहावा गलोन, मजूर पक्षाच्या पुढे मेराव मिखाएली. मिखाएलींनी नकार दिला. दोन्ही पक्ष उंबरठ्याशी धडपडत होते. एक दिवस हा बुडतो असे वर्तमानपत्र सांगे, दुसऱ्या दिवशी तो. आमच्या घरी मते तीन : आमचे, मुलीचे आणि जावयाचे. मुलगी आदल्या रात्री आली आणि म्हणाली, "इमा, तू सांग. तुला यातलं कळतं." आम्हांला कळते असे घरात कुणी प्रथमच म्हणत होते, आणि त्याचाच चढला असावा. आम्ही वॉर्डातल्यासारखा विचार केला. ज्याची नाडी मंद तो पलंग आधी. त्या सकाळी मजूर पक्षाची नाडी मंद वाटत होती. म्हटले, तिघेही एमेतला देऊ. मेरेत्स चिवट आहे, तरेल.

मजूर पक्ष चार जागा घेऊन तरला. मेरेत्सला ३.१६ टक्के मते पडली. हवी होती ३.२५. सुमारे चार हजार मते कमी. १९९२ साली स्थापन झाल्यापासून प्रथमच तो केनेसेतबाहेर.

मुलगी म्हणते, "इमा, चार हजार कुठं आणि तीन कुठं." हिशेब तिचा बरोबर आहे. पण देशात त्या रात्री आमच्यासारख्या किती शहाण्या बायकांनी किती मुलींना हेच सांगितले असेल, असे मनात येते. आणि नेमका पलंग आम्ही चुकलो, हेही. पंचेचाळीस वर्षांत अशी चूक आमच्या हातून वॉर्डात एकदाही झाली नव्हती, निदान आमच्या समजुतीप्रमाणे.

मे २०२४ मध्ये याईर गोलान मजूर पक्षाचे पुढारी झाले. ते आधी मेरेत्सचे. जुलैत दोन्ही पक्षांनी एक व्हायचे ठरवले आणि नाव घेतले डेमोक्रॅट्स. या वेळी जुळणी नव्हे, विलीनीकरण. भांडी वेगळी ठेवायची नाहीत. धोबीघरातली म्हातारी काय म्हणाली असती ते आम्हांला ऐकू येते, आणि शिक्षक काय म्हणाला असता तेही. आता दोघांच्याही बोलण्यावर मान डोलवावीशी वाटते, आणि या खेपेस व्याकरणाचे निमित्त नाही.

पेसाहच्या दुसऱ्या दिवशी दादा आला होता. आता चौऱ्याहत्तर पुरी झाली, गुडघे गेले, पण लिकुद सुटला नाही. ती जुनी चिठ्ठी टेबलावरच होती. त्याने चष्मा लावून ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "ही सत्याहत्तरची? अजून ठेवलीयस?" मग बराच वेळ काही बोलला नाही. शेवटी म्हणाला, "बाय, कारखान्यातून निवृत्त झालो तेव्हा त्या किब्बुत्सवाल्यांनी मला घड्याळ दिलं. मी कधी हातात घातलं नाही. फेकलंही नाही."

मुलगी स्वयंपाकघरातून विचारीत होती की टेबलावरचे कागद टाकायचे आहेत का. आम्ही चिठ्ठी उचलली आणि नर्सिंगच्या प्रमाणपत्राच्या लिफाफ्यात ठेवली. त्याच लिफाफ्यात बाबांची प्रजा समाजवादी पक्षाच्या सभासदत्वाची पावती आहे, झोपडीची खूण असलेली. दादाने तीही मागून घेतली आणि खिडकीशी नेऊन वाचली.